दोरीच्या पलीकडचा खरेदीदार

चिमवेंडो नाका,
ऑगस्टमधला तिसरा सोमवार

माझ्या एकुलत्या एका मामाचा एकुलता एक मुलगा येलेमिया यास आतेबहीण एनेलेसी कचिंगवे हिचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार (डावा गुडघा पावसाळ्यापासून वाकत नाही, तेव्हा एक जमिनीवर टेकला आणि दुसरा मनात टेकला असं धर). तुम्ही सगळे तिकडे लुसाकात बरे उठला असाल तर आम्हीही इकडे बऱ्या उठलो आहोत. तिसुंगेवहिनींच्या रक्तदाबाचं काय? त्यांना म्हणावं, मीठ कमी करा आणि नवऱ्याचं गाणं ऐकणं त्याहून कमी करा. तुझं चर्चमधलं गायकमंडळ अजून तुझं ऐकतं का? पोस्टातून निवृत्त झालेला माणूस पहिलं वर्षभर रोज सकाळी शर्ट घालून बसतो आणि दुसऱ्या वर्षी बायकोला शिक्के मारायला लागतो असं म्हणतात. तू कितव्या वर्षात आहेस ते मी मोजत नाही. आजीनं आपल्या दोघांचं लग्न ठरवायचं म्हटलं होतं, त्यातून देवानं आपल्याला वाचवलं, याबद्दल मी दर रविवारी त्याचे आभार मानते. तूही मानत असशील. पण भाऊ म्हणून तुझ्यासारखा दुसरा मिळणार नाही, हेही मी देवाला दर रविवारी सांगते. (या रविवारी जरा जास्तच सांगितलं.)

आता बातमी. येलेमिया, हात धुऊन, चष्मा पुसून, खुर्चीत नीट बसून वाच. शनिवारी आपल्या दोन्ही देशांमधला व्यापार वाढला! मी ऐकीव सांगत नाही. मी तिथं होते. खरं सांगायचं तर तो मीच वाढवला. इतक्या जवळून वाढवला की माझ्या उजव्या अंगठ्याला अजून शाई आहे. आज तिसरा दिवस, भांडी घासली, कपडे धुतले, पण मी अंगठा तेवढा बाजूला ठेवून सगळं करते आहे. फेलेसिता म्हणते, "पुसून टाक आता, बाळंतिणीसारखी बोट सांभाळत फिरतेस." पण तिला काय कळतंय. तिच्या अंगठ्याला कुणी शाई लावली नाही.

फेलेसिता तुला माहीत आहे; माझ्या शेजारची, उंच, हसली की सगळ्या बाजाराला कळतं ती. आम्ही अकराजणी मिळून सरोवरावरून उसिपा आणतो. लुसाकात राहून तू तो विसरला असशील म्हणून सांगते, बोटाएवढी चांदीसारखी मासळी, उन्हात सुकवलेली, तळली की कुरकुरते. ती टोपल्यांत भरायची, सायकलीच्या मागे बांधायची आणि नाक्यावरून तुमच्या झांबियात चिपाटाच्या बाजारात न्यायची, एवढा आमचा व्यापार. तुमच्याकडे नद्या आहेत, तांबं आहे, सगळं आहे, पण सरोवराची मासळी ती सरोवराचीच. तुमची माणसं ती हातात घेऊन आधी वास घेतात आणि डोळे मिटतात. त्यांच्याही आज्या इकडच्याच ना. पण नाक्यावरच्या माणसाला आजी नसते. तो म्हणणार, हा कागद आण, तो शिक्का आण, मासळीचा आरोग्याचा दाखला आण. (मी विचारलं होतं, मेलेल्या मासळीचं आरोग्य कोण तपासतं? त्यानं मला रांगेत शेवटी उभं केलं.) गेल्या जानेवारीत तर चार दिवस अडवून ठेवलं. पाऊस लागला होता. पहिल्या दिवशी टोपल्यांवर प्लास्टिक टाकलं, दुसऱ्या दिवशी कमरेला गुंडाळलेली चितेंजी सोडून तीही टोपल्यांवर टाकली आणि आम्ही परकरांवर भिजत बसलो, तिसऱ्या दिवशी मासळी मऊ पडली, चौथ्या दिवशी तिच्यात अळ्या चालायला लागल्या आणि त्याच दुपारी शिक्का मिळाला. अकरा टोपल्या. आम्ही नाक्यामागे खड्डा खणला. फेलेसितानं गंमत म्हणून मयताचं गाणं सुरू केलं, आम्ही हसत हसत साथ दिली, आणि दुसऱ्या कडव्याला कोणीच हसत नव्हतं. फेलेसिताची मुलगी तेव्हा परिचारिकेच्या शाळेत पहिल्या वर्षाला होती. फेब्रुवारीत ती परत आली आणि आता आमच्याबरोबर टोपल्या विणते. फार सुबक विणते. तिची आई त्या टोपल्यांकडे बघत नाही.

म्हणून जूनमध्ये जेव्हा जाहीर झालं की दोन्ही सरकारं मिळून आमच्या नाक्यावर मैत्री व्यापार दिन भरवणार, तेव्हा मी पहिल्यांदा विश्वासच ठेवला नाही आणि दुसऱ्यांदा ठेवला तो इतका ठेवला की तीन रात्री झोप आली नाही. दोन्हीकडचे व्यापारमंत्री येणार. आमचे मंत्रिसाहेब आणि तुमच्या मंत्रीबाई. आणि त्यांच्यासमोर इकडचा एक महिला गट आणि तिकडचा एक खरेदीदार पहिल्या करारावर सह्या करणार, आणि त्यांना मिळणार हिरवा कागद. हा हिरवा कागद ज्याच्याकडे असेल त्याचा ट्रक वर्षभर नाक्यावर थांबवायचा नाही. बांबू वर करायचा आणि सलाम ठोकायचा. (सलामाचं कागदात लिहिलेलं नाही, पण मी तसं समजते.)

या सगळ्याचे संयोजक म्हणून श्री. लायटन चिसाले यांची नेमणूक झाली. माणूस तसा वाईट नाही. फक्त त्याच्या गळ्यात ओळखपत्र आहे आणि खिशात शिट्टी. त्यानं मला दोन्हीकडच्या स्वागत समितीवर घेतलं, कारण मी दोन्हीकडच्या शिव्या जाणते. पहिल्या बैठकीत दोन देशांचा सामायिक इतिहास या विषयावर त्यानं पाऊण तास भाषण केलं. एक भाषा, एक रक्त, एक अन्न. टाळ्या झाल्या. मग कार्यक्रमपत्रिकेवर दुपारच्या जेवणात काय लिहायचं हा प्रश्न निघाला. आमचा हेडमास्तर म्हणाला, "न्सिमा." तिकडचा हेडमास्तर म्हणाला, "न्शिमा." आमचा म्हणाला, श लावला की तोंडात पिठाची गुठळी राहिल्यासारखं वाटतं. तिकडचा म्हणाला, स लावला की दात पडलेल्या माणसासारखं वाटतं. (त्या बैठकीत दात पडलेले तीन जण होते, सगळे आमच्या बाजूचे.) दोन दिवस, येलेमिया! मक्याच्या उकडलेल्या पिठावर दोन दिवस! शेवटी चिसालेनं पत्रिकेवर नुसतं "जेवण" छापलं आणि दोन्ही हेडमास्तर एकमेकांच्या पाठीवर थाप मारून, आपलाच विजय झाला असं समजून, आपापल्या देशात गेले.

मग चिसाले आमच्या मासळीकडे वळला. म्हणाला, "आई, माल उत्तम आहे, पण वास."

मी म्हटलं, "वास हाच माल आहे साहेब. बाकी नुसते काटे."

तो म्हणाला, मंत्री लोक पुढच्या रांगेत बसणार, वारा नाक्याकडून मंडपाकडे वाहतो. वाऱ्याचं काही करता येत नाही, तेव्हा वासाचं करा. म्हणून त्यानं कुठून तरी अत्तराची बाटली पाठवली आणि शुक्रवारी त्याच्याच देखरेखीखाली तीन नमुन्याच्या टोपल्यांवर ती शिंपडली. मला वाटतं तुला कल्पना येणार नाही. नव्या नवरीनं विहिरीत जीव दिला आणि चार दिवसांनी वर आली, असा वास. गावातली कुत्री रडायला लागली. त्या तिन्ही टोपल्या आम्ही गपचूप बदलल्या आणि चिसालेला सांगितलं की अत्तर आत मुरलं. तो खोल श्वास घेऊन म्हणाला, "आता कसं!"

खरेदीदार मी शोधला होता. चिपाटाचे श्री. मायसन न्जोवू. नावाप्रमाणे हत्ती आहे; खुर्चीत बसतो तेव्हा खुर्ची दिसत नाही. घाऊक व्यापारी, चर्चचा वडीलधारा, डोक्यावर कायम तपकिरी फेल्ट टोपी. दोन आठवडे मी त्याच्या दुकानात जाऊन बसले. तो म्हणायचा, तुमची मासळी बारीक आहे; मी म्हणायचे, तुमचा तराजू जाड आहे. तो म्हणायचा, मला दर महिन्याला ट्रकभर लागेल. मी म्हणायचे, सरोवर अजून आटलेलं नाही. शेवटी त्यानं मला मक्याच्या पिठाचा आंबूसगोड थोबवा पाजला. (तुमच्याकडचा पातळ असतो, पण मी सगळा प्याले. व्यापारासाठी माणसाला काय काय गिळावं लागतं!) आणि म्हणाला, "शनिवारी सकाळी दहाला मी तुमच्या मंडपात. न्जोवूचा शब्द." आणि येलेमिया, तो शब्दाला जागला. शनिवारी सकाळी दहाला तो आला. फक्त मंडपात आला नाही.

झालं असं. शनिवारी पहाटेपासून आम्ही अकराजणी एकसारखी निळी चितेंजी नेसून तयार. मंडप असा की दोन लग्नं एकदम लागावीत. दोन झेंडे, एकाच उंचीचे (चिसालेनं दोरीनं मोजून घेतले होते), दोन एकसारख्या खुर्च्या, दोन बँड, आणि दोन्ही बँड दोन वेगळी गाणी वाजवत होते म्हणून जे तिसरंच गाणं ऐकू येत होतं त्यावर फेलेसिता नाचायला लागली. आठ वाजता सैनिकांची गाडी आली. त्यांनी उतरून नाक्यावरचा आडवा बांबू खाली केला, त्याच्या पुढे एक दोरी बांधली, दोरीच्या पुढे आणखी एक दोरी बांधली. मंत्र्यांची सुरक्षा. दुपारी चारपर्यंत इकडचं माणूस तिकडे नाही आणि तिकडचं इकडे नाही. नऊला तुमच्या मंत्रीबाईंची गाडी तेवढी सोडली आणि मग दोरी पुन्हा बांधली. दहाला मी बघते तर दोरीच्या पलीकडे, दोनशे पावलांवर, धुळीत, काळा कोट घालून न्जोवू उभा! हातात कागदांची पिशवी. मला बघून त्यानं टोपी काढली आणि हलवली. मी हात हलवला. त्यानं परत टोपी हलवली. असा आमचा व्यापार तासभर चालला.

मी दोरीपाशी गेले. सैनिक पोरसवदा होता, ओठावर नुकती लव फुटलेली, पण बंदूक पूर्ण वयाची होती. मी त्याला म्हटलं, "बाबा, तो माणूस बघ. त्याच्यासाठीच हा सगळा मांडव घातलाय."

"चारनंतर, आई."

"चारला मंत्री गेलेले असतील."

"मग गर्दी पण नसेल. आरामात येतील."

एवढ्यात पलीकडून ढोल वाजला आणि तुमच्याकडचे मुखवटेवाले आले, गुले वाम्कुलू. अंगभर चिंध्या, पिसं, लाल लाकडी तोंड, हातात फोक. धूळ उडवत, घुमत, थेट दोरीपर्यंत. सैनिक आडवा झाला आणि म्हणाला, "ओळखपत्र?" काय सांगू, येलेमिया! अरे, पूर्वजांच्या आत्म्याला ओळखपत्र! आमची एक म्हातारी काठी आपटत पुढे झाली आणि ओरडली, "अरे मेल्या, मेलेल्याला पासपोर्ट मागतोस? तुझा आजा येईल तेव्हा त्यालाही मागशील?" मुखवटेवाल्यानं फोक हवेत सप्पकन मारला. सैनिकानं दोन पावलं मागे सरून दोरी वर केली. सातच्या सात आत्मे आत आले. (तिसऱ्या आत्म्याच्या पायातली हिरवी चप्पल मी ओळखली, पण ते ओळखायचं नसतं.) मी न्जोवूकडे वळून हातानंच खूण केली, मुखवटा घाल! तो चर्चचा वडीलधारा, त्यानं छातीवर हात ठेवून आकाशाकडे पाहिलं. तेव्हा असं झालं की मेलेले सगळे आले आणि जिवंत तेवढा पलीकडे राहिला.

भाषणं झाली. आमचे मंत्रिसाहेब म्हणाले, आपल्या दोन देशांमध्ये आता कोणताही अडसर राहिलेला नाही. त्यांच्या मागे बांबू, दोरी आणि दुसरी दोरी. तुमच्या मंत्रीबाई बुटक्या, चष्मेवाल्या, हसऱ्या. त्यांनी मागं वळून दोरीकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मला त्या आवडल्या. मग चिसालेनं ध्वनिक्षेपकावर पुकारलं, "आता ऐतिहासिक करार. झांबियाच्या बाजूचे खरेदीदार पुढे यावेत." कोणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. बँडनं चुकून वाजवायला सुरुवात केली, त्याला थांबवलं. तिसऱ्यांदा पुकारून तो माझ्याजवळ आला. घाम टिपत होता.

"आई, तुमचा माणूस कुठाय?"

"तो काय. टोपी हलवतोय."

"मग बोलवा ना त्याला!"

"तुमचे शिपाई सोडत नाहीत."

"आज सीमा बंद आहे, ते कसे सोडतील?"

"का बंद आहे?"

"अहो, आज व्यापार दिन आहे म्हणून!" असं तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला स्वतःला ऐकू आलं. बिचाऱ्याचं तोंड असं झालं की मीच त्याला पाणी दिलं.

मंत्रिसाहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या माणसानं कानात सांगितलं की पुढचा कार्यक्रम शंभर किलोमीटरवर आहे. सह्या आज झाल्या नाहीत तर हिरवा कागद पुढच्या वर्षी. मी मागे वळून पाहिलं. दहाजणी निळ्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. फेलेसिता हसत नव्हती. तिच्या शेजारी तिची मुलगी होती, आणि तिच्या पुढ्यात नमुन्याची टोपली, तिनंच विणलेली. मला एकदम तो खड्डा आठवला. तेवढ्यात मंत्रीबाईंनी चिसालेला बाजूला केलं आणि मलाच विचारलं, "आई, झांबियात तुमचं दुसरं कोणीच नाही का?"

येलेमिया, मी ध्वनिक्षेपक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, आहे ना. माझा मामा आहे. तुमच्या तांब्याच्या खाणीत गेला तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि तेव्हा ही दोरी नव्हती. गोऱ्यांनी आपल्याला न विचारता एका मोटेत बांधलं होतं. आपण दोघांनी मिळून ती मोट सोडवली. माझी आजी इथल्या रस्त्यावर "क्वाचा! क्वाचा!" पहाट झाली, पहाट झाली, असं ओरडत मिरवणुकीत गेली, आणि मामा तिकडे खाणीच्या फाटकावर तेच ओरडला. पहाट दोघांची झाली. मग दोन्ही देशांनी आपापल्या नोटांना तेच नाव दिलं, आणि आता एका पहाटेला दुसरी पहाट किती मिळते ते नाक्यावरचे दलाल ठरवतात. मामाला आजीच्या मयताला यायचं होतं. तो याच नाक्यावर दोन दिवस थांबला. आम्ही माती देऊन घरी आलो तेव्हा तो पोचला, हातात एक घोंगडी होती तिच्यासाठी. ती घोंगडी मी पांघरते. तर मंत्रीबाई, मला विचारता झांबियात कोणी आहे का? माझं अर्धं घर तिकडे आहे. मला एवढंच हवंय की मासळीला तरी रांगेत उभं राहावं लागू नये.

हे मी कसं बोलले मला ठाऊक नाही. मामाचं मी कधी कोणाजवळ बोलले नव्हते, तुझ्याजवळसुद्धा नाही. संपल्यावर पलीकडून न्जोवूचं खोकणं ऐकू आलं. मंत्रीबाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्या आमच्या मंत्रिसाहेबांच्या कानाशी वाकल्या, ते चिसालेच्या कानाशी वाकले, चिसालेनं नियमांचा कागद उलटासुलटा केला, त्यात बोट ठेवलं, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते: झांबियाच्या बाजूनं सही झाली.

आणि मग जो काही गोंधळ! दोन्ही बँड, सात आत्मे, सगळ्या बायका एकदम, तो आवाज आमच्या जिभांचा, जो तुमच्या शहरात ऐकू येत नाही. फेलेसितानं मंत्रिसाहेबांना मिठी मारली (सुरक्षेवाले धावले, पण तिला सोडवायला चौघे लागले). मंत्रीबाईंनी उसिपा हातात घेतला, वास घेतला आणि डोळे मिटले. मी शप्पथ सांगते, मिटले. म्हणाल्या, "माझी आजी." एवढंच. फेलेसिताची मुलगी रडत होती आणि मला म्हणाली, "मावशी, आता वर्षभर?" मी म्हटलं, वर्षभर, आणि ते संपलं की परत. बिचारा न्जोवू. त्यानं पलीकडून सगळं पाहिलं, टोपी जमिनीवर आपटली, झटकली, घातली आणि निघून गेला. काल मी त्याला निरोप पाठवला. त्यानं उत्तर धाडलं की कागदावर ज्याचं नाव आहे त्यालाच मासळी खाऊ घाला. रागावला आहे. पण उतरेल तो राग. हत्तीला मासळी आवडते हे मी पाहिलंय.

असा आपला व्यापार वाढला, भाऊ. आता लिहून लिहून बोटं आखडली. तुझ्या नातवंडांच्या गालांना माझे मुके, वहिनींना नमस्कार, आणि तुला तुझ्या वाट्याचे दोन टोमणे पुढच्या भेटीत.

तुझी (देवाच्या कृपेनं फक्त आतेबहीण),
एनेलेसी

ता. क. – झांबियाच्या बाजूनं सही कोणी केली ते लिहायचं राहूनच गेलं. तू केलीस. म्हणजे नियमात "खरेदीदार किंवा त्याचा जवळचा नातेवाईक" असं होतं, म्हणून तुझ्या वतीनं मी केली. इकडची सही उजव्या हाताच्या अंगठ्यानं केली, तुझी डाव्या हातानं लिहून. जरा वाकडी आली आहे, पण तुझीही वाकडीच असते. मंत्रीबाईंनी विचारलं, भाऊ काय करतात? मी म्हटलं, लुसाकातले मोठे घाऊक व्यापारी. "पोस्टातून निवृत्त" म्हणणं त्या प्रसंगाला शोभलं नसतं.

ता. क. दुसरं, बुधवार – हिरव्या कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असं लिहिलंय की पहिला माल सात दिवसांच्या आत कागदावरच्या खरेदीदाराच्या पत्त्यावर पोचला पाहिजे आणि त्यानं सही करून तो ताब्यात घेतला पाहिजे, नाहीतर कागद रद्द. पत्ता मी तुझा घातला आहे. चिलेंजे, निळं फाटक, आंब्याच्या झाडाशेजारी. फोन करणार होते. पण फोनवर तू "नाही" म्हणाला असतास, आणि तू एकदा नाही म्हणालास की तेच सुरात म्हणत बसतोस. पत्राला नाही म्हणता येत नाही.

ता. क. तिसरं, गुरुवार – अक्षर उड्या मारतंय कारण मी ट्रकमध्ये आहे. येलेमिया, त्यांनी बांबू वर केला! नुसता कागद दाखवला आणि बांबू वर गेला! तोच पोरसवदा सैनिक होता. सलाम नाही ठोकला, पण हसला. बाकीच्या दहाच्या दहाजणी मागं मासळीवर बसून गात आहेत. मयताचं गाणं नव्हे. तुमच्या वाटेवरचा लुआंग्वा नदीचा पूल आत्ताच मागे पडला.

ता. क. शेवटचं, शुक्रवार सकाळ, साडेनऊ – हे पत्र मी तुझ्या दाराखालून आत सरकवते आहे. म्हणूनच एवढं सविस्तर लिहिलं, म्हणजे तू वाचेपर्यंत आम्हाला उरलेला माल उतरवता येईल. अंगणात जागा पुरली नाही, तेव्हा काही टोपल्या व्हरांड्यात आहेत आणि काही तालमीसाठी मांडलेल्या तुझ्या गायकमंडळाच्या बाकांवर. घरी नाही असं करू नकोस. वहिनींनी खिडकीतून पाहिलं आहे आणि वास आल्यावर त्यांनी डोळे मिटले आहेत. (रागानं की आवडीनं ते मला काचेतून कळलं नाही.) कपाटातला कोट घाल, मोठ्या व्यापाऱ्यासारखा दिस, कारण माल तू ताब्यात घेतलास का ते बघायला व्यापार कार्यालयाचा माणूस दहाला येणार आहे. आणि पेन घेऊन ये. या वेळी सही तुझी तू कर, माझा डावा हात दुखतोय.